गिअरच्या दात्याचे टोक किती उतरवावे?

नाशिकच्या अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीत दुरुस्तीला आलेला गिअरबॉक्स उघडून त्यातला चालक पिनियन (जोडीतला लहान, दुसऱ्याला फिरवणारा गिअर) पुसून उजेडात धरला, तर पुष्कळदा दात्यांच्या मुळाशी केसाएवढी चकचकीत आडवी रेघ दिसते. ती समोरच्या गिअरच्या दात्याच्या टोकाने ठोकून पाडलेली असते. अशा वेळी जुना, झिजलेला दाता नमुना धरून नवा गिअर कापू नये, कारण त्यामुळे दोषही जसाच्या तसा कापला जातो.

इन्व्होल्युट आकारात (गिअरच्या दात्यांच्या बाजूंना देतात त्या ठरावीक वक्रात) वेगाचे गुणोत्तर स्थिर राहते, परंतु ते दाता न वाकणारा असेल तरच. भार येताच पोलादी दाता किंचित वाकतो, त्यामुळे पुढची जोडी ठरलेल्या जागेच्या आधीच भिडते आणि टोकाची कड समोरच्या दात्यावर आदळते. २४ दात्यांचा पिनियन मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर असे धक्के सेकंदाला ६०० बसतात. ही वारंवारता गिअरजोडीच्या नैसर्गिक कंपनाशी जुळली, तर दात्यावरचा प्रत्यक्ष भार टॉर्कवरून (शाफ्ट फिरवणाऱ्या जोरावरून) काढलेल्या भारापेक्षा बराच वाढतो.

म्हणून टोकाजवळचा आकार मुद्दाम काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) उतरवावा. यालाच टिप रिलीफ म्हणतात. सरळ दात्यांच्या पोलादी जोडीत रुंदीच्या दर मिलिमीटरला साधारण १४ न्यूटन भार आला, की दाते १ मायक्रॉन दबतात. मॉड्यूल (दर दात्यामागे येणारा व्यास, मिलिमीटरमध्ये) ३ असेल, तर वरील २४ दात्यांचा पिनियन ७२ मिलिमीटर पिच व्यासाचा (दाते ज्यावर भिडतात असे मानतात त्या वर्तुळाच्या व्यासाचा) होतो. त्यावर १८० न्यूटन-मीटर टॉर्क असेल तर दात्यावर ५००० न्यूटन येतात, आणि रुंदी २५ मिलिमीटर असल्यास दर मिलिमीटरला २०० न्यूटन. म्हणजे रिलीफ सुमारे १४ मायक्रॉन हवा.

हिशेबासाठी टॉर्क कोणता घ्यावा, हाच खरा कळीचा निर्णय आहे. माझ्या मते यंत्र दिवसातला बहुतेक वेळ ज्या टॉर्कवर चालते तोच घ्यावा, कारण कमाल टॉर्कसाठी टोक जास्त उतरवले तर हलक्या भारावर एकाच वेळी भिडणाऱ्या जोड्या कमी पडतात आणि आवाज उलट वाढतो. रिलीफ दोन्ही गिअरना द्यावा: चालित (पिनियनने फिरवलेल्या) गिअरचे टोक दाते भिडतानाचा धक्का कमी करते, तर पिनियनचे टोक सुटतानाचा. शाफ्टच्या तिरकेपणावर मात्र याचा उपयोग नाही. त्यासाठी रुंदीच्या दिशेने क्राउनिंग करावे, म्हणजे दाता मधे किंचित फुगीर ठेवावा लागतो.

ग्राइंडिंगनंतर प्रोफाइल चार्ट (दात्याच्या आकाराचा मोजणीतून मिळालेला आलेख) तपासावा आणि दात्यांना मार्किंग ब्ल्यू (स्पर्शाची खूण उमटवणारा निळा रंग) लावून जोडी फिरवावी. हलक्या भारावर खूण टोकाच्या अलीकडे थांबली, नेहमीच्या भारावर टोकापर्यंत गेली आणि पिनियनच्या मुळाशी रेघ उमटली नाही, तर माप बरोबर बसले असे समजावे.