‘अंतराळ की सामाजिक योजना?’ या विषयावरील वादविवादाची तयारी कशी करावी

स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले की आमच्या परभणी-हिंगोलीकडच्या शाळांत हा विषय हमखास निघतो: सरकारने अंतराळ संशोधनावर खर्च करावा की सामाजिक योजनांवर? एक वक्ता चांद्रयानाचा अभिमान सांगतो, दुसरा उपाशी लेकरांचे वर्णन करतो, दोघांनाही टाळ्या मिळतात आणि प्रश्न होता तिथेच राहतो. विद्यार्थ्यांकडून ही तयारी अनेक वर्षे करून घेतल्यावर मला जे उपयोगी वाटले, ते येथे मांडत आहे.

पहिले काम आकड्यांचे आहे आणि ते स्वतःच्या हाताने कागदावर करावे. एकाच वर्षाचा केंद्रीय अर्थसंकल्प समोर घ्यावा. उदाहरणार्थ, 2024-25 च्या अर्थसंकल्पात एकूण खर्च सुमारे 48.2 लाख कोटी रुपये धरला होता. त्यात अंतराळ विभागासाठी सुमारे 13,043 कोटी, मनरेगासाठी 86,000 कोटी आणि अन्न अनुदानासाठी सुमारे 2.05 लाख कोटी रुपयांची तरतूद होती. म्हणजे सरकारच्या शंभर रुपयांतील साधारण सत्तावीस पैसे अंतराळाकडे जातात. येथे एक चूक वारंवार होते. माणसाला अंतराळात नेण्याच्या गगनयान कार्यक्रमाचा 20,193 कोटींचा आकडा अनेक वर्षांच्या खर्चाचा आहे, तरीही तो एखाद्या योजनेच्या एका वर्षाच्या तरतुदीशेजारी ठेवला जातो. अशी तुलना करणाऱ्या वक्त्याचे गुण परीक्षकांनी कापावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आकडा खरा असला तरी त्याला कशाने भागले हे पाहावे लागते. नववीतील एका मुलीने चांद्रयान-3 चे सुमारे 615 कोटी रुपये देशाच्या 140 कोटी लोकसंख्येत वाटले आणि माणशी चार रुपये चाळीस पैसे काढून दाखवले. एवढ्यात हॉटेलात चहासुद्धा येत नाही, असे ती म्हणाली. विरोधी बाजूच्या मुलाने एका अंगणवाडीच्या इमारतीला पंधरा लाख रुपये लागतील असे गृहीत धरले आणि त्याच रकमेत 4,100 अंगणवाड्या बसवल्या. मी दोन्ही भागाकार फळ्यावर शेजारी-शेजारी लिहायला लावले. दोन्ही बरोबर होते, पण एकाने रक्कम नगण्य दिसत होती आणि दुसऱ्याने डोंगराएवढी. त्या दिवसापासून वर्गात कोणी आकडा सांगितला की मुलेच विचारतात, ‘भागिले किती?’

यानंतर ‘अंतराळ’ या शब्दाची फोड करावी. पृथ्वीकडे पाहणारे हवामानाचे व दूरसंवेदनाचे उपग्रह, चंद्र-मंगळ-सूर्याकडे जाणाऱ्या मोहिमा आणि माणसाला वर नेण्याचा कार्यक्रम ही तीन वेगवेगळी कामे आहेत. पुष्कळ वक्ते पहिल्याचे फायदे सांगतात आणि त्या बळावर तिसऱ्याचा खर्च योग्य ठरवतात, हे प्रामाणिकपणाचे नाही. उपग्रहांवरचा खर्च मी समाजकल्याणातच धरतो. चांद्रयानाचे समर्थन करता येते, कारण ज्या एलव्हीएम-3 रॉकेटने ते गेले, तेच रॉकेट दळणवळणाचे उपग्रहही नेते आणि दोन्हींमागचे अभियंते व कार्यशाळा वेगळ्या काढता येत नाहीत. मानवी मोहिमेसाठी मात्र वक्त्याने स्वतंत्र कारणे द्यावीत. ‘इतर देश करतात म्हणून आपणही’ हे मला पुरेसे कारण वाटत नाही.

आपल्या भागाचा पुरावा आणणे हा तयारीचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि मराठवाड्यात तो दुष्काळाच्या रूपाने दारातच उभा आहे. पूर्वी दुष्काळ ठरायचा तो पैसेवारीवर, म्हणजे नेहमीच्या उत्पन्नाच्या तुलनेत यंदाचे पीक रुपयात किती पैसे आले या अंदाजावर: नजर अंदाज, मग सुधारित, मग अंतिम, पन्नास पैशांच्या आत आली की सवलतींची वाट मोकळी व्हायची. केंद्र सरकारच्या 2016 च्या दुष्काळ संहितेने पाऊस, पेरणी, जमिनीतील ओलावा आणि पाणीसाठा यांच्या जोडीला उपग्रहावरून मोजलेला पिकांचा हिरवेपणाही निकष म्हणून आणला. पान निरोगी असेल तर ते लाल प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकते. या दोहोंच्या फरकावरून हा निर्देशांक काढतात. त्यामुळे मोजमाप माणसाच्या मर्जीवर राहत नाही, हा मोठाच लाभ आहे. मात्र उपग्रहाला हिरवेपणा दिसतो, शेंगेतला दाणा दिसत नाही. उशिराच्या एखाद्या सरीने सोयाबीन वरून हिरवेगार दिसते आणि शेंगा हातात दाबल्या तर पोचट लागतात. विद्यार्थ्यांनी अशा एका शिवारात उभे राहून शेंग सोलून पाहावी आणि मगच ठरवावे की पैसा उपग्रहाला कमी पडला, की प्रत्यक्ष शेतात पीककापणी प्रयोग करणाऱ्या माणसांना.

विरोधी बाजूने तयारी करणाऱ्यांनी घरातील एखाद्या आजीला 1972 च्या दुष्काळाबद्दल विचारावे. दुष्काळी कामावर खडी फोडल्याचे, वाटलेल्या सुकडीचे (कोरड्या पौष्टिक खाऊचे) आणि तांबड्या मिलोच्या (परदेशातून आलेल्या ज्वारीच्या) भाकरीचे तपशील ती सांगेल. आपला पहिला उपग्रह आर्यभट्ट 19 एप्रिल 1975 रोजी वर गेला, म्हणजे त्या संकटात लोकांना तगवले ते हाताला मिळालेल्या कामाने आणि धान्याने. त्याच अनुभवातून महाराष्ट्राचा रोजगार हमीचा 1977 चा कायदा उभा राहिला आणि पुढे देशाच्या मनरेगा कायद्याला तो वाटाड्या ठरला. या बाजूचा हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे आणि तो घाईने उरकू नये. याच बाजूसाठी आणखी एक लहान सूचना: विजेचा इशारा देणारे ‘दामिनी’ ॲप उपग्रहाची देणगी म्हणून कोणी सांगितले तर तेथेच थांबवावे. ते मुख्यतः जमिनीवर बसवलेल्या संवेदकांच्या जाळ्यावर चालते.

हिंगोली जिल्ह्यातील संघांनी औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडिया प्रकल्पाचा अभ्यास जरूर करावा. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांमधून लेसर फिरवून गुरुत्वीय लहरी (प्रचंड वस्तूंच्या हालचालींनी अवकाशात उठणारे सूक्ष्म तरंग) टिपणाऱ्या या वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये 2,600 कोटी रुपये मंजूर केले. हा खर्च अंतराळ विभागाचा नाही, हे भाषणात स्पष्ट सांगावे. पण दूरच्या कृष्णविवरांची टक्कर ऐकण्यासाठीचा पैसा टँकरची वाट पाहणाऱ्या जिल्ह्यात उतरतो, तेव्हा त्या गावांतील मुलामुलींसाठी कोणती कामे, कोणते शिक्षण आणि कोणती प्रयोगशाळा त्यासोबत येणार, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. आपले विद्यार्थी हा प्रश्न नीट, आकड्यांसह आणि न घाबरता विचारताना पाहणे, याहून मोठा आनंद मला शिक्षक म्हणून नाही.

भाषण लिहून झाले की स्पर्धेच्या आदल्या दिवशी दोन्ही वक्त्यांनी आपापले कागद एकमेकांना द्यावेत आणि समोरच्याची बाजू पाच मिनिटे मनापासून मांडावी. ज्या वाक्यापाशी जीभ अडखळेल, त्याखाली रेघ ओढावी. ते वाक्य उद्या आपल्यावर उलटणार आहे किंवा त्यातला आकडा आपण तपासलेला नाही. रात्री बसून तेवढेच दुरुस्त करावे.