कोकणातल्या घराचं लाईट फिटिंग कसं तपासायचं, आणि मुख्य म्हणजे कधी

किनाऱ्यावर घर असेल, स्वतः राहत असाल नाहीतर भाड्याने किंवा होमस्टेला दिलेलं असेल, तर तपासणी वर्षातनं दोनदा करा, एकदा मे महिन्यात आणि एकदा गणपतीच्या आधी. दोनदा कशाला तर अर्थिंग (गळणारा करंट जमिनीत नेणारी जोडणी, रीडिंगचे ओहम जितके कमी तितकी चांगली) कोरड्यात मोजायचं असतं, जांभा मेमधे खडखडीत सुकतो तेव्हा अर्थिंग सगळ्यात वाईट असतं, जुलैत भिजलेल्या जमिनीत रीडिंग चांगलं येणारच, त्यावर जाऊ नका. आणि वायरिंगचं इन्सुलेशन उलट पावसात बघायचं, भिंती ओल्या असताना. वायरमन मोजायच्या आधी अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओततो का तेही बघा, पाणी घालणं चुकीचं नाही, पण मोजून झाल्यावर!

पहिली गोष्ट तुमची तुम्ही करू शकता. डीबीत, म्हणजे घरातल्या मेन स्विचांच्या डब्यात, आरसीसीबी आहे का बघा (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच, बरेच लोक त्याला ईएलसीबीच म्हणतात), त्यावर टेस्टचं बटण असतं, लाईट चालू असताना दाबलं की तो खाडकन पडला पाहिजे. नाही पडला तर बदला, आणि मुळात नसेलच तर 30 मिलिअँपिअरचा बसवून घ्या. एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारे स्विच) आहेत की मग हा कशाला, असं मालक लोक हमखास म्हणतात. हिशोब करून बघा ना, जांभ्यात अर्थिंग 20 ओहम आलं आणि गिझरच्या बॉडीला फेज लागला, तर 230 भागिले 20 म्हणजे साडेअकरा अँपिअर जाणार, 16 चा एमसीबी हलणार पण नाही, बॉडीवर करंट तसाच उभा. आरसीसीबी मात्र तिथल्या तिथे पडतो. फक्त बटणाने तो स्वतः चालतोय एवढंच कळतं, अर्थिंग आहे की नाही ते नाही कळत.

ते बघायला बाथरूममधला गिझरचा 16 अँपिअरचा सॉकेट वायरमनकडून उघडून घ्या. मेन बंद, आणि इन्व्हर्टर पण बंद, हे लोक विसरतात, मेन पाडला तरी इन्व्हर्टरच्या लाईनीत करंट असतोच. आत हिरवी वायर अर्थच्या टर्मिनलला घट्ट आहे का बघा. कधी ती नुसतीच कापून मागे दुमडलेली असते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे अर्थ आणि न्यूट्रलमधे छोटासा तुकडा टाकून जोडून दिलेलं असतं. टेस्टरला सगळं ओके दिसतं, पण मागे कुठे न्यूट्रल तुटला की गिझर आणि नळ दोन्ही लाईव्ह.

इन्सुलेशनसाठी 500 व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लागतो, रीडिंग कमीत कमी 1 मेगाओहम यायला हवं. त्याआधी टीव्ही, फ्रीज, एलईडी बल्ब सगळं काढून ठेवा नाहीतर उडेल.

खाऱ्या वाऱ्याने बाहेरचं फिटिंग आधी जातं. विहिरीवरच्या पंपाचा स्टार्टर, खळ्यातला दिवा, अर्थिंगची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) पट्टी जिथे पाइपला नटबोल्टने जोडलीय ती जागा, हे उघडून बघायचं, वायरीचं तांबं हिरवं पडलं असेल तर तेवढं कापून नवीन टोक काढायचं. डीबीत पाली आणि मुंग्या असतातच, भोकं बुजवा. आणि गणपतीच्या माळांसाठी सॉकेटात आगपेटीच्या काड्या खोचून उघड्या वायरी घालणं बंद करा बाबांनो, पिन टॉप (प्लग) असा कितीसा महाग असतो.

चाकरमान्यांचं बंद घर पावसानंतर उघडताना आधी सगळे एमसीबी खाली, मग मेन चालू, मग एकेक एमसीबी वर, जो पडेल ती लाईन तशीच बंद ठेवून वायरमनला बोलवा. मीटरपर्यंतची लाईन महावितरणची, निसर्ग आणि तौक्ते चक्रीवादळांत झाडं पडून सर्व्हिस वायरी तुटल्या तसं काही झालं तर हात न लावता 1912 ला फोन करा. मीटरच्या पुढचं सगळं आपलं.

भाड्याच्या घरात, वेगळा करार नसेल तर घर नीट ठेवायची जबाबदारी 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने (तो लागू असेल त्या भागात) मालकावर आहे, त्यामुळे तपासणीचा खर्च भाडेकरूवर ढकलू नका. काम लायसनवाल्याकडूनच करा आणि अर्थिंगचं, मेगरचं रीडिंग तारखेसकट लिहून सही घ्या, नुसतं “सगळं ओके आहे” चालणार नाही. तो कागद आणि डीबीचा फोटो भाडेकरूला व्हॉट्सअ‍ॅप करून ठेवा, आणि महिन्यातनं एकदा टेस्टचं बटण दाबायला त्यालाच सांगा.