पालक झाल्यावर स्वतःची ओळख कशी जपावी

मूल झाल्यावर दिवसभर ‘अमक्याची आई’ किंवा ‘तमक्याचे बाबा’ अशीच हाक येऊ लागली, तरी आपण हरवलो असे मानण्याची घाई करू नये. पूर्वी मनापासून केलेले एखादे काम, मग ते रोज वहीत चार ओळी लिहिण्याएवढे लहान का असेना, चालू ठेवावे.

चिडून मुलाच्या हातातला पेला हिसकावून घेतला, तर ‘मी वाईट पालक आहे’ असा निवाडा न करता ‘आज मी चिडलो’ एवढेच म्हणावे आणि मुलाजवळ बसून तसे कबूल करावे. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डोनाल्ड विनिकॉट यांनीही परिपूर्ण नव्हे, तर ‘पुरेशी चांगली’ आई महत्त्वाची मानली होती.

प्रसूतीनंतरची उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास मात्र डॉक्टरांना अवश्य भेटावे.