पुण्यात फ्लॅट आहे आणि इंग्लंडमध्ये घर घेताय? जादा स्टॅम्प ड्यूटीचा हिशोब आधी करा

‘सेकंड होम’ म्हटलं की आपल्याला वाटतं समुद्रकिनारी सुट्टीसाठी घर घेणाऱ्या श्रीमंतांचा विषय, आपण तर इथे अजून भाड्याने राहतोय. पण इंग्लंडची स्टॅम्प ड्यूटी मोजताना तुमचा कोथरूडचा टू बीएचके हे पहिलं घर आणि रेडिंगला घेताय ते दुसरं, कारण जगात कुठेही घर असलं तरी ते धरलं जातं. त्यामुळे ऑफर टाकायच्या आधीच हे बघून घ्या.

पायरी १ : नावावर काय काय आहे ते लिहून काढा

कम्प्लिशनच्या, म्हणजे व्यवहार पूर्ण होऊन घर तुमचं होतं त्या दिवशी रात्री तुमच्याकडे एकापेक्षा जास्त घरं असतील, आणि आधीच्या घरातल्या तुमच्या हिश्श्याची किंमत ४० हजार पाउंड किंवा वर असेल, तर सरचार्ज, म्हणजे नेहमीच्या स्टॅम्प ड्यूटीवरचा जादा कर, लागू शकतो. किंमत आजच्या बाजारभावाने, २००९ साली बाबांनी कितीला घेतला ते चालत नाही. शेतजमीन, मोकळा प्लॉट, दुकानाचा गाळा हे घर नाही, ते सोडा.

एकत्र राहणारे नवरा-बायको एकच युनिट मानतात. म्हणजे फ्लॅट फक्त बायकोच्या नावावर आहे आणि इथलं घर फक्त नवऱ्याच्या नावावर घ्यायचं, ही आयडिया चालत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या नावचं घरही तुमच्यातच धरतात.

आपल्याकडे एक खास भानगड असते, ‘बाबांनी सोयीसाठी माझं नाव लावलंय’. इथे प्रश्न असा येतो की पैसे कोणी भरले, भाडं कोणाच्या खात्यात जातं, विकला तर रक्कम कोणाची. खरंच सगळं बाबांचं असेल तर ते कागदावर दाखवता आलं पाहिजे, त्यामुळे इंडेक्स टू आणि बँकेचे उतारे आत्ताच मागवून ठेवा, ऐनवेळी व्हॉट्सॲपवर तिरके फोटो नकोत. वारसाहक्काने मिळालेला हिस्सा निम्मा किंवा कमी असेल तर तो मिळाल्यापासून तीन वर्षं धरत नाहीत.

पायरी २ : आकडे मांडा

१ एप्रिल २०२५ पासून इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये घराच्या किमतीतल्या पहिल्या १ लाख २५ हजार पाउंडांवर शून्य, तिथून अडीच लाखांपर्यंत २ टक्के, पुढे ९ लाख २५ हजारांपर्यंत ५ टक्के. (त्याच्या वर १० आणि १२ टक्के आहेत, ते तूर्त सोडू.) सरचार्ज २०१६ मध्ये ३ टक्के होता, ३१ ऑक्टोबर २०२४ पासून ५ टक्के झाला, आणि तो पहिल्या पाउंडापासून पूर्ण किमतीवर बसतो.

समजा घर ३ लाखांचं आहे. आयुष्यात कुठेच घर नसलेल्या फर्स्ट टाइम बायरला शून्य. पुण्याचा फ्लॅट विकून मोकळा झालेल्याला ५ हजार, कारण पूर्वी कधीतरी मालक होता म्हणून फर्स्ट टाइमची सूट गेली. फ्लॅट ठेवून घेणाऱ्याला तेच ५ अधिक १५, म्हणजे २० हजार! आणि ही रक्कम डिपॉझिटच्या वर आपल्या खिशातून काढायची असते, बरेच जण तिथेच अडकतात.

नुकतेच यूकेत आला असाल आणि खरेदीआधीच्या वर्षभरात इथे १८३ दिवस भरले नसतील तर अजून २ टक्के. मात्र नंतर दिवस भरले तर हे २ टक्के परत मागता येतात.

पायरी ३ : फ्लॅट विकायचा की ठेवायचा, आणि कधी

‘आधी घर घेऊ, फ्लॅट नंतर विकू, सरचार्ज परत मिळतोच’ असं सर्रास सांगतात, पण ते अर्धवट आहे. परतावा राहतं घर बदलणाऱ्याला मिळतो: नवीन घर घेतल्यापासून तीन वर्षांत जुनं विकलं पाहिजे, आणि खरेदीआधीच्या तीन वर्षांत कधीतरी ते तुमचं मुख्य राहतं घर असलं पाहिजे. पाच वर्षांपासून फ्लॅट भाडेकरूकडे आणि तुम्ही स्लाऊमध्ये भाड्याने, तर नंतर विकून काही परत येणार नाही. अशांनी विकायचाच असेल तर कम्प्लिशनच्या आधी विकावा, मग हातात एकच घर राहतं आणि सरचार्जच लागत नाही. एनआरआयने घर विकलं की घेणारा मोठा टीडीएस कापतो, तो कमी करायचं सर्टिफिकेट इन्कम टॅक्सकडून काढायला वेळ जातो, तेव्हा विक्रीचं काम घर शोधायला लागायच्या आधी सुरू करा. नुसती पॉवर ऑफ ॲटर्नी भावाला दिली म्हणजे मालकी गेली असं होत नाही.

माझं मत विचाराल तर फक्त सरचार्ज वाचवायला फ्लॅट फुंकू नका, आईवडील तिथे राहत असतील तर नाहीच. पण रिकामा पडून असेल आणि परत जायचा विचार नसेल, तर १५ हजार पाउंड म्हणजे फार मोठी रक्कम आहे.

पायरी ४ : सॉलिसिटरला (घरखरेदीचं काम बघणाऱ्या वकिलाला) लिहून कळवा

कम्प्लिशननंतर १४ दिवसांत रिटर्न आणि पैसे जावे लागतात. फॉर्म सॉलिसिटर भरतो, पण माहितीची जबाबदारी तुमची. पहिल्याच ईमेलमध्ये भारतातलं घर, हिस्सा, अंदाजे किंमत आणि तिथे शेवटचे कधी राहिलात ते टाका. एचएमआरसीने (इथल्या कर खात्याने) नंतर पकडलं तर व्याज आणि दंड दोन्ही. परतावा मागायचा असेल तर जुनं घर विकल्यापासून एक वर्षात अर्ज करा.

स्कॉटलंडचा हिशोब वेगळा, तिथे जादा कर ८ टक्के आहे. वेल्सचेही दर स्वतंत्र.

आणि इथेच दुसरं घर घेऊन फर्निचरसकट बंद ठेवणार असाल तर कौन्सिल टॅक्सही (इथली घरपट्टी) बघा, एप्रिल २०२५ पासून इंग्लंडमधल्या कौन्सिलना अशा घरावर दुप्पट आकारायची मुभा आहे. सगळ्या कौन्सिल घेत नाहीत, आपल्या कौन्सिलच्या वेबसाइटवर ‘सेकंड होम प्रीमियम’ शोधलं की कळतं.