कुंडलिकेवर राफ्टिंग गाईड व्हायचंय? आधी पाण्याचं वेळापत्रक शिका

रायगडमध्ये कुंडलिकेकाठच्या कोलाडला कामाला येणारी नवी पोरं आल्या आल्या मोठा रॅपिड, म्हणजे खळाळत्या पाण्याचा टप्पा, कुठला ते विचारतात. पाणी किती वाजता सुटतं हे विचारणारा विरळा, आणि तोच पुढे टिकतो. कारण पावसाळा सोडला तर कुंडलिका विजेच्या वेळापत्रकावर वाहते. मुळशी धरणातलं पाणी भिऱ्याच्या टाटा वीजघरात उतरतं, पुढे रवाळज्याला त्यावर पुन्हा वीज तयार होते आणि मग ते नदीत येतं. खरं तर हे भीमेच्या खोऱ्यात जायचं पाणी. सह्याद्री ओलांडून ते कोकणात येतं, म्हणून मे महिन्यातही इथे राफ्ट चालते. पाणी बहुतेक सकाळी सुटतं, काही तास टिकतं आणि ओसरतं. बस वडखळच्या आसपास ट्रॅफिकमध्ये अडकून तासभर उशिरा आली, तर शेवटच्या टप्प्यात राफ्ट दगडांवरून ढकलत न्यायची तयारी ठेवा. आणि वीजघराने पाणी सोडलंच नाही, तर त्या दिवशी धंदा नाही.

म्हणून गाईडचा दिवस पाहुण्यांच्या कितीतरी आधी सुरू होतो. साधारण १४ फुटी राफ्टमध्ये बाहेरच्या ट्यूबचे चार वेगळे कप्पे, मध्ये आडव्या ट्यूब आणि खाली हवा भरलेला तळ असतो. हवा भरताना नवशिक्या एक कप्पा टणक करून दुसऱ्याकडे वळतो. दोन कप्प्यांमधला पडदा मग रिकाम्या बाजूला फुगतो, त्याच्या शिवणीवर ताण येतो, आणि पडदा फाटला की दुरुस्ती हाताबाहेर जाते. चारही कप्पे आधी अर्धवट भरा, मग दुसऱ्या फेरीत एकेक करून कडक करा. आडव्या ट्यूब शेवटी. तळहाताने थाप मारून आवाज ऐकायची सवय लावून घ्या. काही आठवड्यांत कान पंपाच्या मीटरइतका तयार होतो.

उन्हाचंही गणित आहे. काठावर टणक भरलेली राफ्ट उन्हात पडली की आतली हवा प्रसरण पावते आणि शिवणी ताणतात. तीच राफ्ट गार पाण्यात उतरवली की मऊ पडते, आणि मऊ राफ्ट लाटेवर मधोमध दुमडते. काठावर थोडी कमी हवा ठेवा, पाण्यात टाकल्यावर दहा मिनिटांनी पुन्हा पंप मारा. हे दुसरं पंपिंग कंटाळ्यापोटी सुटतं.

थ्रो बॅग म्हणजे पाण्यात पडलेल्याकडे फेकायची दोरीची पिशवी. तिच्यातली दोरी गुंडाळून भरू नका. वेटोळी केलेली दोरी फेकताना गाठ खाते. पिशवीचं तोंड एका हाताने उघडं धरायचं आणि दुसऱ्या हाताने वीतवीतभर दोरी आत कोंबत जायची, अगदी गबाळ्यासारखी. तीच सरळ सुटते. वाहणाऱ्या माणसाच्या डोक्यावरून पलीकडे पडेल अशी फेका; अलीकडे पडलेली दोरी त्याच्या उपयोगाची नसते.

पाहुण्यांना सूचना देणं हा या कामातला सगळ्यात कमी लेखलेला भाग. लाईफ जॅकेटचे सगळे बक्कल लावून झाले की खांद्याच्या पट्ट्यांना धरून वर ओढा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते सैल आहे. ओढणी काढायला सांगा, मंगळसूत्र आणि साखळ्या आत घालायला सांगा, चष्म्याला दोरी बांधा. पॅडलच्या वरच्या मुठीवर हात कायम हवा. ती सुटली की शेजाऱ्याच्या दातावर बसते. हे हसत सांगा, पण दोनदा सांगा. पाण्यात पडलात तर पाठीवर झोपा, पाय प्रवाहाच्या दिशेने, बोटं पाण्याच्या वर. उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही, कंबरभर पाण्यातसुद्धा. पाय दगडांच्या फटीत अडकला की मागून येणारं पाणी माणसाला पुढे वाकवून खाली दाबतं. नदीवरची माणसं अशीही जातात.

गप्पा मराठी-हिंदीत मारा, पण आज्ञांचे शब्द ठरलेलेच ठेवा: फॉरवर्ड, बॅक, स्टॉप, गेट डाउन. ऐन रॅपिडमध्ये शब्द बदललात की सहा जण सहा कामं करतात.

राफ्ट पाण्यात उतरवली की सुमारे १२ किलोमीटरचा पल्ला, ग्रेड दोन-तीनचे, म्हणजे सोपे ते मध्यम अवघड रॅपिड. पाणी वाचायची सुरुवात इथून करा: टोक तुमच्याकडे असलेला व्ही दिसला तर तिथे पाण्याखाली दगड आहे, टोक पुढे, खालच्या अंगाला असलेला व्ही म्हणजे वाट. राफ्ट आडवी होऊन खडकाला टेकली की माणसं घाबरून खडकापासून लांब झुकतात, आणि नेमकं तेच चुकतं. प्रवाह येतो त्या बाजूची ट्यूब खाली दबते, पाणी आत भरतं आणि राफ्ट खडकाला गुंडाळली जाते. सगळ्यांना तत्काळ खडकाच्या बाजूला ढकला. यासाठी मिळतात दोन-तीन सेकंद. काठावरून आडवी झालेली फांदी दिसली तर खडकापेक्षा जास्त भ्या. पाणी तिच्यातून जातं, माणूस जात नाही.

पडलेल्याला आत घेताना हात ओढू नका, खांदा निखळतो. त्याचं तोंड आपल्याकडे करा, जॅकेटचे दोन्ही खांदे धरा, गुडघे ट्यूबला टेका, आधी किंचित खाली दाबा आणि तो वर उसळताच मागे पडा. शंभर किलोचा माणूसही येतो. ताकदीपेक्षा यात वेळ साधणं जास्त असतं.

शिकायचं कुठे? पोहणं आणि जीवरक्षणासाठी गोव्याची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. प्रथमोपचार आणि सीपीआरचं प्रमाणपत्र घ्या आणि मुदत संपण्याआधी नव्याने करा. एक हंगाम ऋषिकेशला गंगेवर काढता आला तर जरूर काढा. तिथलं मोठं पाणी कुंडलिकेवर शिकायला मिळत नाही. आंतरराष्ट्रीय राफ्टिंग फेडरेशनच्या गाईड परीक्षा त्यानंतर. नोकरी धरताना तीन प्रश्न विचाराच: २०२१ च्या राज्य साहसी पर्यटन धोरणाखाली नोंदणी आहे का, सोबत सेफ्टी कयाक (पडलेल्यांना वाचवायला राफ्टबरोबर चालणारी छोटी होडी) असते का, आणि गाईडचा विमा कोण भरतं. तिसऱ्या प्रश्नावर विषय बदलणारा मालक ओळखून ठेवा.

शरीराची किंमत इथे उशिरा कळते. आधी खांदे, मग कंबर. ओल्या बुटांत पायाच्या बोटांमध्ये बुरशी येते, कानात पाणी राहून ठणका लागतो. पाण्यातून आलात की आधी बूट काढा, पाय कोरडे करा, मग जेवा. जेवणानंतर राफ्ट धुवायच्या असतात, जॅकेटं सावलीत वाळत घालायची असतात (उन्हात कापड आणि फोम दोन्ही लवकर मरतात), दोऱ्या पिशवीतून काढून पसरायच्या असतात. आणि संध्याकाळी उद्याच्या पाण्याची वेळ विचारायला फोन करायचा असतो.