काटो-काट्झ स्लाइड कशी करावी, आणि अंकुशकृमी का सुटतो

पोटातल्या जंतांचं सर्वेक्षण कसं करायचं म्हणून शोधलं, तर बारा-पंधरा पायऱ्यांची एकसारखी यादी समोर येते. नमुना घ्या, गाळा, पट्टीत भरा, दाबा, बघा. प्रत्येक पायरीला सारखंच महत्त्व. या यादीबरहुकूम काम केलंत तर गोलकृमी सापडेल, चाबूककृमीही सापडेल, पण अंकुशकृमी सुटेल. आणि रक्त पिऊन मुलांना पांढरंफटक करणारा तोच आहे. डोंगरातल्या आश्रमशाळांमधून मी ही तपासणी बरीच वर्षं केली आहे, त्यामुळे जिथे चूक होते तिथेच जास्त लिहिणार आहे.

काटो-काट्झ पद्धत साधी आहे: शौचाचा जाड लेप काचेच्या स्लाइडवर द्यायचा आणि त्यातली जंतांची अंडी मायक्रोस्कोपखाली मोजायची. जाड लेपाची कल्पना जपानमध्ये काटो आणि मिउरा यांनी १९५४ मध्ये मांडली. १९७२ मध्ये ब्राझीलमध्ये काट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला ठरावीक मापाचं भोक असलेली पट्टी जोडली. त्यामुळे जंत आहेत की नाहीत एवढंच न कळता किती आहेत त्याचाही अंदाज येऊ लागला.

पालकांची संमती, शाळेची परवानगी, क्रमांक घातलेल्या डब्या ही तयारी तुम्ही करालच. हातमोज्यांबाबत मात्र हयगय नको. गोलकृमीचं अंडं मातीत दोन-तीन आठवडे मुरल्याशिवाय संसर्ग करत नाही हे खरं, पण छोट्या फीतकृमीचं, म्हणजे हायमेनोलेपिस नानाचं अंडं शौचातून बाहेर पडतं तेव्हाच संसर्गाला तयार असतं.

द्रावणासाठी १०० मिली ग्लिसरीन, १०० मिली डिस्टिल्ड वॉटर आणि ३ टक्के मॅलाकाइट ग्रीनचं १ मिली द्रावण एकत्र करा. सेलोफेनचे तुकडे त्यात किमान आदल्या दिवसापासून बुडवून ठेवा.

डब्या आदल्या संध्याकाळी वाटा आणि नमुना सकाळचाच हवा हे मुलांना नीट समजावून सांगा. गोळा केलेल्या डब्या जीपमध्ये उन्हात ठेवू नका, सावलीत किंवा बर्फाच्या पेटीत ठेवा, पण गोठू देऊ नका. त्याच दिवशी तपासा. उबेत पडून राहिलेल्या नमुन्यात अंकुशकृमीची अंडी एक-दोन दिवसांत फुटून अळ्या बाहेर येतात, मग मोजणार काय? फॉर्मालिन घातलेला नमुना या पद्धतीला चालत नाही. पाण्यासारखा पातळ शौचही चालत नाही, कारण तो पट्टीच्या भोकात थांबतच नाही.

स्लाइड करणं दोन दिवसांत हाताला बसतं. नमुन्यावर नायलॉनची जाळी दाबा, वर आलेला भाग खरवडून घ्या, स्लाइडवर ठेवलेल्या पट्टीच्या भोकात काठोकाठ भरा आणि पट्टी अलगद उचला. वर भिजवलेलं सेलोफेन ठेवा, स्लाइड उलटी करून सपाट जागी दाबा. दाबल्यावर उचलताना सरळ वर खेचू नका, बाजूला सरकवत काढा, नाहीतर सेलोफेन निघून येतं. जाडी बरोबर आहे का ते बघायला स्लाइड वर्तमानपत्रावर ठेवा. लेपातून खालची अक्षरं वाचता आली पाहिजेत.

आता मुख्य गोष्ट.

ग्लिसरीनचं काम लेप पारदर्शक करणं. शौचातले तंतू, चोथा सगळं हळूहळू निवळतं आणि मधली अंडी दिसू लागतात. गोलकृमीच्या अंड्यावर जाड, खडबडीत कवच असतं. चाबूककृमीच्या अंड्याला पिंपासारखा आकार आणि दोन्ही टोकांना बुचं. ग्लिसरीन या दोघांचं सहजासहजी काही बिघडवत नाही, ती दुसऱ्या दिवशीही तिथेच दिसतात. अंकुशकृमीच्या अंड्याचं कवच मात्र एका रेघेएवढं पातळ. ग्लिसरीन आत शिरतं आणि भोवतालच्या चोथ्याबरोबर अंडंही निवळत जातं. आधी आतल्या पेशींचा पुंजका फिका पडतो, मग कवचाची रेघ तुटक दिसते, आणि मग तिथे काहीच उरत नाही. स्लाइड स्वच्छ दिसते आणि तुम्ही शून्य लिहिता.

म्हणून अंकुशकृमीसाठी स्लाइड केल्यापासून ३० ते ६० मिनिटांच्या आत वाचायची. हे वाक्य सगळ्या याद्यांमध्ये असतं, पण कुठेतरी नवव्या पायरीत, कंसात.

पहिल्या वर्षी मीही ते वाचून पुढे गेले होते. एका शाळेत सकाळी आम्ही भराभर स्लाइड केल्या, ट्रेमध्ये ओळीने लावल्या, जेवलो आणि दुपारी वाचायला बसलो. गोलकृमी पुष्कळ निघाले. अंकुशकृमी एकाही मुलात नाही. मी अहवालात तसंच लिहिलं. त्याच शाळेतल्या मुलींचे पांढरे पडलेले तळहात आणि फिक्या पापण्या मी सकाळी स्वतः पाहिल्या होत्या, तरीही लिहिलं. पुढच्या फेरीला एका वरिष्ठ बाईंनी मला शेजारी बसवलं, ताजी स्लाइड केली आणि अर्ध्या तासाने मायक्रोस्कोपखाली लावली. पहिल्याच रांगेत दोन अंडी होती. तीच स्लाइड त्यांनी मला दोन तासांनी परत बघायला लावली. जागा मला पाठ होती, तरी अंडी सापडली नाहीत. तो आधीचा अहवाल मी दुरुस्त करून पाठवला, पण त्या मुलींचे मधले महिने काही परत आले नाहीत.

तेव्हापासून माझा नियम एकच: स्लाइड करणाऱ्याने वाचणाऱ्याच्या वेगाने चालायचं. ट्रे भरून स्लाइड करून ठेवणं ही सगळ्यात वाईट सवय, आणि काम उरकल्यासारखं वाटतं म्हणून सगळ्यांना तीच आवडते. वाचणाऱ्याला अंकुशकृमीच्या पहिल्या फेरीला एका स्लाइडमागे सहा मिनिटं लागत असतील, तर दर सहा मिनिटांनी एकच नवी स्लाइड करा. मग प्रत्येक स्लाइड साधारण अर्ध्या तासाची होऊन मायक्रोस्कोपपाशी पोचते. तासाला दहा स्लाइड होतात. दिवसाला शंभराचं उद्दिष्ट कोणी दिलं असेल तर दुसरा वाचणारा मागा, पण वेळ ताणू नका.

स्लाइड केल्याची वेळ स्लाइडच्याच कडेला मार्करने लिहा. वहीत लिहिलेली वेळ गर्दीत कोणी बघत नाही. तासापेक्षा जुनी झालेली स्लाइड अंकुशकृमीसाठी वाचायची नाही, त्या नमुन्याची नवी करायची. वहीत त्या रकान्यात ० लिहायचं नाही, रेघ मारायची. शून्य म्हणजे पाहिलं आणि नव्हतं. न पाहिलेल्याचं शून्य लिहिणं म्हणजे खोटी नोंद.

उन्हाळ्यात, विशेषतः पत्र्याच्या छपराखाली, लेप फार लवकर निवळतो. तेव्हा मी विसाव्या मिनिटालाच बघायला सुरुवात करते. लेप थोडा गढूळ दिसला तरी चालेल. आणि 'रात्रभर ठेवा, सकाळी छान स्पष्ट दिसतं' हा सल्ला कोणी दिला तर तो अंकुशकृमीसाठी अजिबात ऐकू नका.

अंडं ओळखायचं कसं? १०च्या भिंगाखाली लंबगोल, दोन्ही टोकं बोथट, लांबी साधारण ६० ते ७५ मायक्रॉन. कवचाची एकच बारीक रेघ, आत चार-आठ पेशींचा पुंजका, आणि रेघ व पुंजका यांच्यामध्ये मोकळी फट. ही फट शोधा. हवेच्या बुडबुड्याची कड जाड आणि काळी असते, वनस्पतीच्या पेशीत अशी फट नसते. शंका आली तर ४०चं भिंग लावा. अंकुशकृमीच्या दोन मुख्य जाती, अँकिलोस्टोमा आणि नेकेटर, अंड्यांवरून वेगळ्या ओळखता येत नाहीत, त्यामुळे जात लिहायच्या भानगडीत पडू नका.

लेप एका कोपऱ्यापासून नागमोडी, पूर्ण, कडांसकट वाचा. अंकुशकृमी झाला की दुसऱ्या फेरीत गोलकृमी आणि चाबूककृमी निवांत मोजा.

नेहमीच्या पट्टीत ४१.७ मिलिग्रॅम नमुना मावतो. म्हणून अंड्यांची संख्या गुणिले २४ केली की एका ग्रॅममधली अंडी मिळतात. ३७ अंडी म्हणजे ८८८. पट्टी वेगळ्या मापाची असेल तर गुणकही वेगळा, खोक्यावर बघून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने अंकुशकृमीची २,००० पेक्षा कमी अंडी हा सौम्य संसर्ग, ४,००० पासून पुढे तीव्र. गोलकृमीसाठी तीव्रतेची रेघ ५०,००० वर आहे, कारण त्याची एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. एकाच आकड्याचा अर्थ दोन जंतांसाठी वेगळा होतो, तेव्हा सगळ्यांची बेरीज करून एक आकडा देऊ नका.

एक अंडं सुटलं की २४चा फरक पडतो, आणि सौम्य संसर्गात एका स्लाइडमध्ये एखादंच अंडं असतं. म्हणून प्रत्येक नमुन्याच्या दोन स्लाइड करा. दहातली एक स्लाइड दुसऱ्या माणसाकडून, पहिल्याचा आकडा न सांगता, वाचून घ्या. हेही त्याच तासात व्हायला हवं. संध्याकाळी केलेली फेरतपासणी अंकुशकृमीबद्दल काहीच सांगत नाही.

या पद्धतीवर स्ट्राँगिलॉइडिस नावाचा जंत शोधू नका, त्याच्या अळ्या शौचात येतात आणि त्यांना बेअरमनची किंवा अगार प्लेटची पद्धत लागते. रात्री गुदद्वाराशी खाज आणणारे सुतासारखे बारीक जंत सकाळी चिकटपट्टी लावून शोधतात.

शेवटी औषधाबद्दल. फेब्रुवारी आणि ऑगस्टमधल्या जंतनाशक दिनाला अल्बेंडॅझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी देतात. तिचा गुण किती आला हे बघायचं असेल तर गोळी द्यायच्या आधी एकदा आणि १४ ते २१ दिवसांनी पुन्हा, त्याच मुलांचे नमुने तपासतात. अंकुशकृमीची अंडी ९० टक्के किंवा त्याहून जास्त घटली तर परिणाम समाधानकारक मानतात. इथे घड्याळाची चूक सगळ्यात महागात पडते. आधीच्या स्लाइड अर्ध्या तासाने आणि नंतरच्या दोन तासांनी वाचल्या, तर ग्लिसरीनने घालवलेली अंडी औषधाच्या खात्यात जमा होतात आणि गोळी आहे त्यापेक्षा गुणकारी ठरते. दोन्ही फेऱ्यांना वाचणारा तोच ठेवा, अंतरही तेवढंच ठेवा, आणि अहवालात स्लाइड किती मिनिटांनी वाचली याचा रकाना घाला. तो रकाना नसलेला अंकुशकृमीचा आकडा मी आता वापरत नाही.