हवामान बदलाच्या अभ्यासासाठी आंतरजालावर विश्वासार्ह स्रोत कसे शोधावेत

‘हवामान बदल’ एवढेच दोन शब्द लिहून शोध घेतला, तर बातम्या, भाषणे, जाहिराती आणि शोधनिबंध एकाच रांगेत समोर येतात. म्हणून आधी प्रश्न नेमका करावा आणि प्रदेश, घटक व कालखंड या तीन गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात. येथे आपण ‘१९५१ नंतर सह्याद्रीतील पावसाळ्याचा पाऊस घटला आहे का?’ हा प्रश्न उदाहरणादाखल घेऊ.

सुरुवात बातमीपासून न करता आढावा अहवालापासून करावी. जागतिक चित्रासाठी आयपीसीसीचे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक आंतरशासकीय समितीचे, अहवाल आहेत. १९८८ साली स्थापन झालेली ही संस्था स्वतः संशोधन करत नाही, तर प्रसिद्ध झालेल्या संशोधनाचे मूल्यमापन करते. २०२१ मधील तिच्या सहाव्या अहवालाच्या पहिल्या भागात चौदा हजारांहून अधिक संदर्भ आहेत. धोरणकर्त्यांसाठीचा सारांश आधी वाचावा, मात्र तेथेच थांबू नये, कारण त्यातील विधानांपुढे महिरपी कंसात मूळ प्रकरणाचे क्रमांक दिलेले असतात. त्यातील शब्दही मोजून वापरलेले असतात. ‘लाइकली’ म्हणजे किमान ६६ टक्के आणि ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे किमान ९० टक्के संभाव्यता. मराठीत दोन्हींसाठी ‘शक्यता आहे’ एवढेच लिहिले, की अर्थातला मोठा फरक पुसला जातो.

भारतापुरते पाहायचे असल्यास केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा २०२० चा अहवाल उघडावा. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी संपादित केलेला हा ग्रंथ कोणालाही विनामूल्य वाचता येतो. १९५१ ते २०१५ या काळात देशातील जून ते सप्टेंबरचा पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला आणि ही घट गंगेच्या मैदानात व पश्चिम घाटात ठळक आहे, असे त्यात म्हटले आहे. त्याच अहवालानुसार मध्य भारतात दिवसाला १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडण्याच्या घटना सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या. ‘पाऊस घटला’ आणि ‘पाऊस वाढला’ असे दोन्ही मथळे एकाच ग्रंथातून निघू शकतात, ते असे.

यानंतर मूळ नोंदींकडे जावे. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या पुणे कार्यालयाच्या संकेतस्थळावर १९०१ पासूनच्या दैनंदिन पावसाची चौकटवार आकडेवारी मिळते, म्हणजे नकाशाचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाची सरासरी दिलेली असते. मात्र ही चौकट अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाची, म्हणजे एका बाजूने सुमारे २७ किलोमीटरची असते. महाबळेश्वर आणि वाई यांच्यात सरळ रेषेत जेमतेम पंचवीस किलोमीटर अंतर असूनही दोन्हीकडच्या पावसात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तेव्हा घाटमाथ्यावरील एखाद्या गावाबद्दल बोलताना चौकटीच्या सरासरीवर विसंबू नये आणि जवळच्या पर्जन्यमापक केंद्राची नोंद मिळते का, ते पाहावे. याच विभागाने २०२० मध्ये महाराष्ट्राच्या पावसावर स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला आहे, पण तो १९८९ ते २०१८ या तीस वर्षांवर आधारलेला आहे. पासष्ट वर्षांचा कल आणि तीस वर्षांचा कल जुळला नाही, तर त्यावरून कोणालाही खोटे ठरवण्याची घाई करू नये.

आकडा ज्या सरासरीशी ताडून पाहिला आहे, तिचा काळ तपासणे हे काम सर्वाधिक वेळा राहून जाते. मोसमी पावसाची अखिल भारतीय सरासरी पूर्वी १९६१ ते २०१० या काळावरून ८८०.६ मिलिमीटर धरली जात असे. २०२२ पासून १९७१ ते २०२० या काळावरून ती ८६८.६ मिलिमीटर झाली. म्हणजे ८७० मिलिमीटर पावसाचे वर्ष जुन्या हिशेबाने सरासरीच्या खाली आणि नव्या हिशेबाने किंचित वर जाते. तापमानातही हेच होते: नासा आपले आकडे १९५१ ते १९८० या काळाशी ताडते, तर पॅरिस करारातील दीड अंश तापमानवाढीच्या मर्यादेची चर्चा १८५० ते १९०० या काळाला धरून होते.

संस्था कितीही मोठी असली, तरी महत्त्वाच्या विधानाचा माग मुळापर्यंत काढावा. हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होऊ शकतील, असे विधान आयपीसीसीच्या २००७ च्या अहवालात शिरले होते. त्याचा आधार एका पर्यावरण संघटनेचा अहवाल होता, त्या अहवालाचा आधार एका विज्ञान साप्ताहिकातील मजकूर होता आणि त्यामागे तज्ज्ञांनी तपासलेला शोधनिबंध नव्हताच. जानेवारी २०१० मध्ये आयपीसीसीने चूक मान्य केली. चुकीची जाहीर दुरुस्ती करणारा स्रोत मला दुरुस्तीच न करणाऱ्या स्रोतापेक्षा अधिक भरवशाचा वाटतो.

शोधनिबंध गूगल स्कॉलरवर सापडतात. निबंधाचा डीओआय क्रमांक (आंतरजालावरील त्याचा कायमचा ओळख क्रमांक) चालतो का, निबंध नंतर मागे घेतला गेला आहे का आणि निष्कर्ष किती केंद्रांच्या नोंदींवर बेतला आहे, एवढे तरी पाहावे. नियतकालिक अनोळखी असेल आणि चार दिवसांत निबंध छापून देण्याची हमी देत असेल, तर ते बाजूला ठेवावे.

शेवटी प्रत्येक आकड्यापुढे तो कोणत्या आवृत्तीतून आणि कोणत्या तारखेला उतरवून घेतला, हे लिहून ठेवावे, कारण जुन्या नोंदीही दुरुस्त होत राहतात आणि सहा महिन्यांनी तोच तक्ता उघडल्यास दशांशातील एखादा अंक बदललेला दिसू शकतो.